कर्वे काय बदलत गेले आणि काय बदलू दिले नाही

एका माध्यमिक शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीच्या वर्गाला ‘माझा आदर्श’ या विषयावर लिहायला सांगितले की मुले यशाची यादी लिहून आणतात. पदके, पुरस्कार, मिळकत. ज्याचे चारित्र्य खंबीर आहे आणि जो शेवटपर्यंत शिकत राहिला, अशी एकच व्यक्ती तुम्हाला निवडायची झाली तर कोणाची निवड कराल, का कराल, आणि तिची पूजा न मांडता ती वर्गासमोर कशी आणाल?

माझी निवड धोंडो केशव कर्वे यांची आहे. माझी बरीच वर्षे गणित शिकवण्यात आणि नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणात गेली, त्यामुळे गणिताच्या एका प्राध्यापकाकडे माझा ओढा असणे स्वाभाविक आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. परंतु या निवडीमागे एक शैक्षणिक कारणही आहे. आपण मुलांना एकीकडे सांगतो की निश्चयी माणूस आपल्या मतापासून ढळत नाही, आणि दुसरीकडे सांगतो की चुकले तर मार्ग बदला, नवे शिका, मोकळ्या मनाने ऐका. ही दोन वाक्ये एकाच माणसाला कशी लागू पडतात, हे आपण सहसा सांगत नाही आणि मुलेही विचारत नाहीत. कर्व्यांच्या चरित्रात ते दिसते, कारण कोणत्या गोष्टी धरून ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या याची वाटणी त्यांनी फार लवकर केली होती. दिलेला शब्द, पैशाचा हिशेब आणि ज्या स्त्रियांसाठी काम उभे केले त्यांचे हित या गोष्टी त्यांनी हलू दिल्या नाहीत. संस्थेचे नाव, तिचा आकार, कामाची दिशा, स्वतःची भूमिका हे सगळे मात्र ते वेळोवेळी बदलत गेले, आणि त्या बदलांची त्यांना लाज वाटल्याचे कोठे दिसत नाही.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. कुटुंब गरिबीचे होते. मुरूडच्या सोमण गुरुजींनी या अबोल मुलाला सार्वजनिक कामाची गोडी लावली. गावच्या दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम त्यांनी लहान वयात केले. सातारच्या परीक्षेची गोष्ट आपल्याला माहीत असेलच: १८७५ साली, भर पावसात, कोकणातून कुंभार्ली घाट चढून हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला पोहोचला. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते, आणि तो सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्या कारणावरून त्याला परत पाठवण्यात आले. पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत ज्या थाटात येते तो थाट मला फारसा रुचत नाही, कारण त्यात पायपिटीलाच मोल येते. मुलांना सांगायचे असेल तर परतीचा प्रवास सांगावा. नकार अन्यायाचा होता, पण त्यावर चडफडत बसण्यापेक्षा दुसरे परीक्षा केंद्र शोधणे त्या मुलाला अधिक महत्त्वाचे वाटले. परिस्थितीतील कोणता भाग आपल्या हातात आहे हे ओळखण्याची ही सवय पुढे त्यांच्या प्रत्येक संस्थेत दिसते.

मुंबईच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो. मॅट्रिक झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले, आणि नंतर मुलींच्या शाळांत तासिका व घरोघरी शिकवण्या यांवर त्यांचा संसार चालला. बरोबरीची मुले केव्हाच पुढे गेलेली असताना इंग्रजीची सुरुवात उशिरा करणाऱ्या विद्यार्थ्याची ही प्रगती आहे. वर्गात मागे पडलेल्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्याला मी हे साल आणि हे वय आवर्जून सांगत असे, आणि त्याचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे.

१८९१ हे वळणाचे वर्ष. त्या वर्षी पत्नी राधाबाई वारल्या, आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. लोकमान्य टिळक हे कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यानंतर गणिताची जागा मोकळी झालेली होती. आपण या जागेला पुरे पडू की नाही, अशी शंका कर्व्यांना होती. ती त्यांनी लपवली नाही आणि तिच्यापायी जागा नाकारलीही नाही. सोसायटीचे आजीव सदस्य होऊन १९१४ पर्यंत ते तेथे राहिले.

दुसऱ्या विवाहाचा प्रश्न आला तेव्हा ते चौतीस-पस्तीस वर्षांचे विधुर होते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना बारा-तेरा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. विवाह करायचा तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले. मुंबईतील मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही बालविधवा होती आणि पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेतील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होती. तिच्याशी त्यांचा विवाह ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे त्या बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. मुरूडने या जोडप्याला वाळीत टाकले, आणि त्याची झळ गावातच राहणाऱ्या आई व भावाला सोसावी लागली. कर्व्यांनी विवाहाचे समर्थन सोडले नाही, पण गावाशी वैरही धरले नाही.

इथपर्यंतची कथा धैर्याची आहे, आणि धैर्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला कर्वे वेगळे वाटू लागतात ते यापुढे. १८९३ मध्येच त्यांनी सहकाऱ्यांबरोबर विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले की उत्तेजन देण्याच्या भाषेने लोक जवळ येण्याऐवजी दूर जातात, आणि ज्यांना विवाह करायचा आहे त्यांच्यापुढची खरी अडचण प्रतिबंधाची आहे. म्हणून १८९५ मध्ये मंडळीचे नाव विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे झाले. नावातील हा बदल किरकोळ वाटेल, पण त्यामागे कामाची नवी व्याख्या होती: विवाह करा असे सांगत फिरायचे नाही, ज्यांनी ठरवले आहे त्यांच्या वाटेतील धोंडे काढायचे.

त्याच सुमारास त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. पुनर्विवाह हा थोड्यांचा मार्ग राहणार; बहुसंख्य विधवांना शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन हवे आहे. जून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली ती या निष्कर्षातून. येथे तत्कालीन परिस्थिती समजून घेणे आवश्यक आहे, नाहीतर त्यांचा पुढचा निर्णय कळत नाही. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळातील हिंदू पुढारी बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. म्हणजे पंडिता रमाबाईंचे कार्य कितीही मोलाचे असले तरी सनातनी घरातील बाप आपली विधवा मुलगी कोणत्याही सुधारकाच्या हाती सोपवायला धजत नव्हता. आणि कर्वे तर स्वतः विधवेशी लग्न केलेले! त्यांच्या आश्रमात मुलगी पाठवली तर ती लग्न लावूनच बाहेर पडेल, ही भीती अगदी उघड होती. ती दूर करण्यासाठी आश्रम फक्त शिक्षणाचे काम करील, पुनर्विवाहाचा प्रचार करणार नाही, असे त्यांनी जाहीर धोरण ठेवले आणि पुढे स्वतः स्थापन केलेल्या विवाहविषयक मंडळीच्या कामातूनही ते बाजूला झाले.

या निर्णयावर सुधारकांनी त्यांना बोल लावले, आणि तो आक्षेप पोकळ नव्हता. स्वतः केलेली गोष्ट इतरांना करा म्हणून सांगायची नाही, हे बोटचेपेपण नव्हे काय? माझे मत असे आहे की हे बोटचेपेपण नव्हते, पण त्याची किंमत होती आणि ती मुलांपासून लपवू नये. ज्या मुलीला पुनर्विवाह करायचा होता तिला आश्रमाकडून त्या बाबतीत आधार मिळणे कठीण झाले. उलट, ज्या शेकडो मुलींना घराबाहेर पाऊल टाकायचीच परवानगी नव्हती त्यांना या धोरणामुळे दार उघडले. कर्व्यांनी दुसऱ्या गटाची बाजू घेतली. त्यांनी आपले आचरण किंवा आपले घर लपवले नाही. संस्थेच्या कामाची मर्यादा आखून घेतली आणि पालकांना दिलेला शब्द पाळला. चारित्र्य आणि हट्ट यांतील फरक मला याच्याइतका स्पष्ट दुसरीकडे दिसलेला नाही.

आश्रम १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. शहरात प्लेगची धास्ती होती आणि रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे जमीन दिली होती. सुरुवात एका झोपडीत झाली. कॉलेजचे काम आटोपले की कर्वे पायी हिंगण्याला जात, मुलींना शिकवत, आणि पुन्हा कॉलेजला येत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. आज तोच परिसर कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तेथील रहदारीत अडकलेल्या माणसाला त्या चिखलाची कल्पनाही येणार नाही. कर्वे वक्ते नव्हते. सभेत उभे राहून लोकांना हलवून सोडणे त्यांना कधी जमले नाही, आणि वर्गणी मागायला जाणे हे त्यांच्यासारख्या भिडस्त माणसाला जडच गेले असणार. त्यांनी वक्तृत्वाची उसनवारी केली नाही. हिशेब इतका चोख ठेवला की एकदा पैसे देणारा दुसऱ्यांदा देताना विचार करीत नसे. भिडस्त मुलांना ‘धीट व्हा’ असा उपदेश करणाऱ्या आपण शिक्षकांनी यावर थोडे थांबून विचार करावा. माणसाने आपला स्वभाव पालटायलाच हवा असे नाही. आहे त्या स्वभावातून काम करण्याची पद्धत शिकता येते.

शिकण्याची ही वृत्ती त्यांच्या भोवतालच्या माणसांतही उतरली. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांनी मोठेपणी अभ्यासाला सुरुवात केली, आश्रमाची जबाबदारी खांद्यावर घेतली, गावोगाव वर्गणी गोळा केली, आणि पुढे इंग्रजी शिकण्यासाठी व निधीसाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे घरकाम करून त्यांनी निर्वाह चालवला. माझ्या दृष्टीने हे प्रकरण स्वतंत्र धड्याच्या तोलाचे आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे उदाहरण निराळ्या कारणाने पाहण्यासारखे आहे. नात्यातल्या या हुशार मुलाच्या शिक्षणाची काळजी कर्व्यांनी घेतली. तो १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे तेथील गणिताच्या पदवी परीक्षेत पहिला, झाला, असा मान मिळवणारा पहिला भारतीय, आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचा प्राचार्य होऊन परत आला. कर्वे त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. ज्याला आपण वाढवले त्याच्या हाताखाली त्यांनी पुढची बारा वर्षे काम केले. स्टाफरूममधील मानापमान ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

१९१५ मध्ये कर्वे सत्तावन्न वर्षांचे होते आणि निवृत्त झालेले होते. टोकियोजवळच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका बनारसचे शिवप्रसाद गुप्त यांनी त्यांना पाठवली. ती त्यांनी आधी चाळून बाजूला ठेवली होती. त्या वर्षाअखेर मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषणासाठी विषय शोधताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली, आणि या वेळी त्यांनी ती नीट वाचली. भारतात स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ असावे, शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही कल्पना त्यांनी परिषदेत मांडली आणि १९१६ मध्ये मोजक्या विद्यार्थिनींवर विद्यापीठ सुरू केले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे पहिले कुलपती झाले. सरकारची मान्यता नव्हती. पदवीला बाजारात किंमत नव्हती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. कायद्याची मान्यता यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले.

बाजूला टाकलेली पुस्तिका दुसऱ्यांदा उघडणे ही मला या चरित्रातील सर्वांत शिकवणारी घटना वाटते. पहिल्या वाचनात ती कल्पना आपल्या कुवतीबाहेरची आहे असा निर्णय त्यांनी करून टाकला होता. गरज पडली तेव्हा त्या निर्णयाची फेरतपासणी करायला त्यांना संकोच वाटला नाही. आपल्यापैकी किती जण सत्तावन्नाव्या वर्षी असे करतील?

पुढचे भराभर सांगतो. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, विद्यापीठाची माहिती जगाला देण्यासाठी ते प्रवासाला निघाले; बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली आणि ज्या जपानी विद्यापीठाची पुस्तिका वाचली होती तेही त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १९३६ मध्ये शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले, १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

आता आक्षेपांकडे वळू, कारण चांगल्या वर्गात ते येणारच. पहिला आक्षेप बाया कर्व्यांच्या बाजूने आहे. कर्व्यांनी आपल्या मिळकतीतील मोठा वाटा आणि आयुर्विम्याची रक्कमही संस्थेकडे वळवली. घरी मुले होती, आल्यागेल्याचे करायचे होते, आणि संसाराची तोंडमिळवणी बायांच्या वाट्याला आली. बायांनी पुढे स्वतःच्या आठवणी लिहिल्या, त्यांत ही ओढाताण त्यांनी परखडपणे सांगितली आहे. ध्येयवादी माणसाच्या त्यागात घरातील किती जणांचा न विचारता घेतलेला त्याग मिसळलेला असतो, हा प्रश्न तेथे उभा राहतो आणि त्याला समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. दुसरा आक्षेप जातीचा आहे. आश्रमातील सुरुवातीच्या मुली बहुतेक ब्राह्मण घरांतील होत्या. केशवपन आणि सक्तीचे वैधव्य त्या घरांत अधिक होते हे त्याचे एक कारण असले, तरी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून सर्व जातींच्या मुलींसाठी जे काम सुरू केले होते ते पाहता कर्व्यांच्या आश्रमाची ही मर्यादा डोळ्यांत भरते. समता संघ त्यांनी शहाऐंशीव्या वर्षी काढला, म्हणजे हेही त्यांना उमगले; पण फार उशिरा उमगले, असे माझे मत आहे. विद्यार्थ्याने हे म्हटले तर त्याला गप्प करू नये.

वर्गात मांडण्याविषयी. भारतरत्न आणि शंभरी ओलांडलेले आयुष्य या दोन गोष्टी सुरुवातीला सांगू नयेत. त्या सांगितल्या की मुले हात जोडतात आणि विचार करायचे थांबतात. मी प्रशिक्षणार्थी शिक्षकांना सांगत असे की प्रसंग निर्णयाच्या क्षणापर्यंत न्यावा आणि तेथे पुस्तक मिटावे. उदाहरणार्थ: आपण विधवेशी विवाह केला आहे, आता विधवांसाठी आश्रम काढायचा आहे, पण पालक घाबरतात, पुनर्विवाहाचा प्रचार थांबवाल की चालू ठेवाल? नववीच्या मुलांना एक तास यावर भांडू द्यावे. दोन्ही बाजूंना सबळ मुद्दे आहेत हे त्यांना स्वतःच कळते. मग कर्व्यांनी काय केले ते सांगावे, आणि ते बरोबरच होते असे आपण म्हणू नये. साताऱ्याचा प्रसंग पाचवी-सहावीला चालतो. पुस्तिकेचा प्रसंग दहावीच्या आणि त्याहून अधिक शिक्षकांच्या कामाचा आहे.

निबंधाबाबत एक सूचना. विषय ‘माझा आदर्श’ असाच ठेवला तरी लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरे यावीत असे आधी सांगावे: या व्यक्तीने कोणते मत किंवा कोणता मार्ग बदलला, काय पाहून बदलला, आणि काय कधीच बदलले नाही. मुलाने खेळाडू निवडला तरी हरकत नाही, आजी निवडली तर उत्तमच. आजीबद्दल ही उत्तरे मिळवण्यासाठी त्याला तिच्याजवळ बसावे लागेल. दहापैकी पाच गुण या तीन उत्तरांना ठेवावेत, आणि पुरस्कारांच्या यादीला एकही देऊ नये. पहिल्या खेपेला बहुतेक वह्या दोन-तीन गुणांवर अडकतात. त्या लाल शाईने रंगवण्याऐवजी आठवड्याने परत लिहायला द्याव्यात आणि दुसऱ्या खेपेचेच गुण धरावेत.